मुलांकडे परदेशी निघालेल्या ज्येष्ठांसाठी आरोग्याची तयारी

व्हिसा हातात पडला, तिकीट निघाले आणि बॅगांच्या वजनाची चर्चा सुरू झाली की प्रकृतीचा विषय बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो, आणि तोही ‘औषधे घेतलीत ना?’ एवढ्या एका प्रश्नापुरता. हा लेख प्रामुख्याने मुलाकडे किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच काही महिन्यांच्या मुक्कामाला अमेरिकेस निघालेल्या आईवडिलांसाठी आहे. इंग्लंड, कॅनडा, आखाती देश किंवा अन्यत्र जाणाऱ्यांना जेथे वेगळे काही करावे लागते, तेथे ते सांगितले आहे.

साठी ओलांडलेल्या बहुतेकांना रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, गुडघेदुखी यांपैकी काही ना काही असतेच. इथे ते सांभाळले जाते ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानामुळे, फोन उचलणाऱ्या फॅमिली डॉक्टरांमुळे आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेल्या दिनक्रमामुळे. परदेशात या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी सुटतात. म्हणून परक्या देशातल्या अनोळखी आजारांची धास्ती घेण्यापेक्षा, जो आजार आपल्याबरोबर विमानात बसणार आहे त्याची व्यवस्था आधी लावावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: दोन महिने आधी डॉक्टरांची भेट

प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ केवळ याच कामासाठी घ्यावी. एवढा अवधी हाती ठेवण्याचे कारण असे की, तपासणीत रक्तदाब किंवा साखर आटोक्यात नाही असे आढळले तर औषध किंवा त्याची मात्रा बदलावी लागते, त्या बदलाचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात, आणि नव्या गोळीने चक्कर येत असेल किंवा पायांवर सूज चढत असेल तर ते इथे, आपल्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कळलेले बरे. निघण्याच्या आठवड्यात, अगदी निकड नसेल तर, नवे औषध सुरू करू नये.

या भेटीत रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी, मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन आणि ईसीजी एवढे तरी करून घ्यावे. हृदयाचा त्रास नसला तरी ईसीजीची प्रत जवळ असणे उपयोगाचे ठरते. उद्या परदेशात छातीत दुखू लागले, तर तिथला डॉक्टर नवा आलेख जुन्याशी ताडून पाहतो. जुना आलेख नसेल, तर वर्षानुवर्षे असलेला निरुपद्रवी बदलही नवा समजला जाऊ शकतो आणि त्यापायी महागड्या तपासण्यांची रांग लागते. अँजिओप्लास्टी झालेली असल्यास स्टेंटचे कार्ड, पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड आणि मोठ्या आजारपणांतील डिस्चार्ज समरीच्या प्रती एकत्र काढून ठेवाव्यात.

दात आणि डोळे यांकडे हमखास दुर्लक्ष होते. प्रवास विम्यात दातांचे उपचार एक तर नसतात किंवा अचानक उठलेल्या वेदनेपुरतेच असतात, त्यामुळे किडलेला दात, हललेली कवळी किंवा अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल ही कामे निघण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावीत. चष्म्याचा एक जादा जोड आणि डोळ्यांच्या नंबरचा कागद बरोबर असावा, कारण अमेरिकेत तिथल्या तपासणीच्या चिठ्ठीशिवाय नंबरचा चष्मा सहसा बनवून मिळत नाही.

विमानप्रवास झेपेल का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा. उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे. म्हणजे पंधरा-सोळा तासांच्या मुंबई–न्यूयॉर्क उड्डाणात आपण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेपेक्षाही विरळ हवेत बसलेले असतो. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही, मात्र ज्यांना एक जिना चढताना किंवा सपाटीवर पन्नास मीटर चालताना धाप लागते, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय निघू नये. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, बायपास किंवा पोटाची शस्त्रक्रिया, हाडाला नुकतेच घातलेले प्लास्टर, गंभीर ॲनिमिया अशा परिस्थितीत विमान कंपन्या डॉक्टरांनी भरलेला प्रकृतीचा अर्ज मागतात. दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरलेला असेल, तर तो विरून गेल्याचे नेत्रतज्ज्ञ सांगेपर्यंत विमानात बसणे धोक्याचे असते, कारण दाब घटताच तो वायू प्रसरण पावतो आणि दृष्टीला इजा होऊ शकते.

दुसरी पायरी: लसी

पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाण्यासाठी लसीकरणाचा दाखला लागत नाही, म्हणून हा विषयच सोडून देण्याची चूक करू नये. ऑक्टोबर ते मे या काळात उत्तर गोलार्धात फ्लूची साथ असते. त्या काळात जाणार असाल तर इन्फ्लुएंझाची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी. पासष्टीच्या पुढच्या व्यक्तींनी, तसेच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या न्यूमोकोकल लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

बाळंतपणासाठी जाणाऱ्या आजी-आजोबांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींविरुद्धची प्रौढांसाठीची टीडॅप ही लस भारतात मिळते, आणि तान्ह्या बाळाला हातात घेण्याच्या किमान दोन आठवडे आधी ती घेतलेली असावी, असे अमेरिकेतील डॉक्टर घरच्या मोठ्यांना सांगतात. प्रौढाला डांग्या खोकला झाला तर तो अनेकदा साध्या, चिवट खोकल्यासारखा अंगावर काढला जातो. दोन महिन्यांच्या आतील बाळाची स्वतःची लस मात्र अजून सुरू झालेली नसते आणि त्याच्या बाबतीत हा आजार श्वास थांबवण्यापर्यंत जाऊ शकतो. मुलगी किंवा सून ‘लस घेऊन या’ असे म्हणाली तर त्यात अविश्वास मानू नये. ती तिच्या डॉक्टरांनी दिलेली सूचना पोचवत असते.

आफ्रिकेचा दौरा जोडून घेणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत. मसाई माराच्या ओढीने महाराष्ट्रातून अनेक जण केनियाला जातात, आणि केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया यांसारख्या पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) प्रदेशातून भारतात परत येताना पीतज्वराच्या लसीचा आंतरराष्ट्रीय दाखला विमानतळावर तपासला जातो. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच, पासपोर्ट दाखवून घ्यावी लागते आणि केंद्रांचे वार ठरलेले असल्यामुळे वेळ आधी घ्यावी लागते. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो, आणि ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने साठीच्या पुढील व्यक्ती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी ती घ्यावी की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही त्याच भेटीत लिहून घ्याव्यात, आणि त्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत, गोळीनुसार एक ते चार आठवडे, चालू ठेवाव्यात.

हज किंवा उमराहला जाणाऱ्यांना मेंदुज्वराविरुद्धची चार प्रकारच्या जिवाणूंवरील लस सौदी अरेबियात पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला सोबत ठेवावा लागतो.

तिसरी पायरी: औषधे आणि त्यांचे कागद

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सर्वसाधारण मर्यादा अशी आहे की, प्रवाशाने स्वतःच्या वापरापुरती, साधारण ९० दिवसांपर्यंतची औषधे आणावीत. मुक्काम मात्र अनेकदा सहा महिन्यांचा असतो. ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला पुढची औषधे कुरिअरने मागवता येतात. त्यासाठी पार्सलसोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचे पत्र आणि इंग्रजीतील प्रिस्क्रिप्शन जोडावे लागते. म्हणून निघण्यापूर्वीच या कागदांचा एक संच इथे भावाकडे, बहिणीकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावा आणि दुसऱ्या टप्प्याची औषधे केव्हा पाठवायची ती तारीख ठरवून द्यावी. पार्सल सोडवून घेण्यात दिवस जाऊ शकतात, हे धरून हातातला साठा संपण्याच्या महिनाभर आधी ते रवाना झालेले असावे.

डॉक्टरांचे पत्र लेटरहेडवर, टाइप केलेले, सही-शिक्क्याचे आणि तारखेचे असावे. त्यात आपले नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगमध्ये लिहून घ्यावे. कोणते आजार आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मुक्काम किती दिवसांचा आहे आणि प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम व दिवसातून किती वेळा, हे सारे त्यात यावे. इन्शुलिन घेत असल्यास सुया आणि ग्लुकोमीटर बाळगणे गरजेचे आहे, असे एक वाक्य त्यात असावे.

मूळ नावावर भर देण्यामागे कारण आहे. आपण गोळी ब्रँडच्या नावाने ओळखतो, आणि तो ब्रँड भारताबाहेर कोणाला माहीत नसतो. त्यातही आपल्याकडे दोन-तीन औषधे एकाच गोळीत घालण्याची पद्धत फार आहे. उदाहरणार्थ, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी इथे घरोघरी असते, पण अमेरिकेत ती तशी मिळत नाही, दोन्ही गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. काही औषधे तर तिथे अजिबातच नाहीत: व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड ही मधुमेहाची औषधे किंवा दुखण्यावरचे एटोरिकॉक्सिब आणि निमेसुलाइड ही औषधे अमेरिकेत मान्यताप्राप्त नाहीत. बॅग हरवली, तर तीच गोळी तिथे मिळणार नाही. यावर उपाय असा की, आपले एखादे औषध या प्रकारातले असेल तर त्याला पर्याय कोणता, हे डॉक्टरांकडून पत्रातच लिहून घ्यावे. काही औषधे तिथे असतात, मात्र नाव निराळे असते. आपले पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन आहे आणि दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल आहे. हे ठाऊक नसल्यामुळे तापासाठी घरून नेलेली गोळी आणि तिथल्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी एकाच वेळी घेतली जाते. दोन्हींत तेच औषध असते, आणि त्याची जादा मात्रा यकृताला इजा करते.

औषधे खरेदी करताना पूर्ण स्ट्रिप घ्याव्यात. दुकानदार कात्रीने सहा-सात गोळ्या कापून देतो तेव्हा औषधाचे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर जाते, आणि हातात उरते ती नुसती चकचकीत पत्री. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्यावरून काहीही कळत नाही. गोळ्या काढून वारांच्या डबीत भरायच्या असतील तर ते पोचल्यावर करावे, प्रवासात मूळ वेष्टनच ठेवावे आणि खरेदीचे बिल पत्राला जोडावे. मुदत मुक्काम संपल्यानंतरही दोन-तीन महिने पुढची आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे.

आयुर्वेदिक औषधांबद्दल सांगताना मला काळजी वाटते, कारण ती ‘निरुपद्रवी’ म्हणून सर्वांत बेफिकिरीने नेली जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले, नाव नसलेले चूर्ण तपासणीत अडकू शकते. भस्मे आणि रसकल्पांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याबद्दल अमेरिकेतील आरोग्य यंत्रणांनी वेळोवेळी इशारे दिलेले आहेत, त्यामुळे ती नेऊच नयेत. इसबगोल किंवा त्रिफळा न्यायचे असेल तर कंपनीच्या बंद, इंग्रजी लेबल असलेल्या डबीतच न्यावे.

दुबई, अबुधाबी, सिंगापूर किंवा जपान येथे थांबणार असाल तर आणखी जपावे लागते. इथे सहज लिहून दिली जाणारी अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. ती आधी परवानगी न घेता नेल्यास अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकते. सिंगापूरमध्येही अशा औषधांना पूर्वपरवानगी लागते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्यांना बंदी आहे. याच ओघात, औषध नसले तरी सांगितले पाहिजे की, अमिरातीत खसखशीलाही मनाई आहे, तेव्हा नातवंडांसाठी प्रेमाने केलेले अनारसे त्या बॅगेत नसावेत.

चौथी पायरी: विमा

भारतातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी परदेशातील उपचारांना सहसा लागू पडत नाही, आणि पाहुणे म्हणून गेलेल्या ज्येष्ठांना अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेचा लाभ मिळत नाही. अमेरिकेत जायला विम्याची अट नाही, त्यामुळे ‘एवढे पैसे कशाला?’ असा विचार मनात येतो. अतिदक्षता विभागातल्या काही दिवसांचे बिल लाखो रुपयांच्या घरात जाते आणि ते मुलाच्या डोक्यावर बसते. विम्याशिवाय निघू नये, याबाबत मला कोणताही अपवाद मान्य नाही.

दोन मार्ग आहेत. पहिला, भारतीय कंपनीची प्रवास विमा पॉलिसी, जी निघण्यापूर्वी भारतातच घ्यायची असते. दुसरा, अमेरिकेतील कंपन्यांनी पाहुण्यांसाठी काढलेल्या पॉलिसी, ज्या मुले तिथून ऑनलाइन घेऊ शकतात. भारतीय पॉलिसी बहुधा स्वस्त पडते, पण सत्तरीनंतर तिच्यात विम्याची रक्कम कमी होते किंवा वैद्यकीय अहवाल मागितले जातात. अमेरिकी पॉलिसी घ्यायची असेल तर एक फरक नीट समजून घ्यावा. काही पॉलिसी प्रत्येक उपचाराला ठरावीक आकडाच देतात, बाकीचे बिल आपल्याला भरावे लागते. काही पॉलिसी मात्र सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरल्यानंतर पुढच्या खर्चाचा बहुतेक भार मर्यादेपर्यंत उचलतात. पहिल्या प्रकाराचा हप्ता आकर्षक असतो, पण माझी शिफारस दुसऱ्याच प्रकाराची आहे. विम्याची रक्कम, वय आणि ऐपत पाहून, शक्य असेल तर एक लाख डॉलरच्या खाली घेऊ नये.

खरा कस लागतो तो ‘आधीपासून असलेला आजार’ या कलमावर. बहुतेक पॉलिसी मधुमेहाची किंवा रक्तदाबाची नेहमीची तपासणी आणि औषधे देत नाहीत. फार तर त्या आजारामुळे अचानक जिवावर बेतले, तर ती तातडीची स्थिती सावरेपर्यंतचा खर्च देतात, आणि त्यालाही वेगळी, कमी मर्यादा असते. हे कलम एजंटाच्या तोंडी आश्वासनावर न सोडता पॉलिसीच्या कागदात वाचावे, समजत नसेल तर मुलांकडून वाचून घ्यावे. अर्जात मात्र असलेले सर्व आजार लिहावेत. हप्ता वाचवण्यासाठी रक्तदाब लपवला आणि पुढे दाव्याच्या वेळी जुन्या कागदांतून तो निघाला, तर कंपनीला नकार द्यायला तेवढे कारण पुरते. पॉलिसीची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आठ-दहा दिवस असावी, आणि मुक्काम वाढवायचा झाल्यास मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून घ्यावी.

इतर देशांचे थोडक्यात: युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आईवडील आणि आजी-आजोबांसाठी असलेल्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, एक वर्ष मुदतीचा विमा दाखवावा लागतो. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागात प्राथमिक उपचार मोफत मिळतात, मात्र दाखल व्हावे लागले तर पाहुण्यांकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते.

पाचवी पायरी: हातातली बॅग आणि विमानातले तास

सर्व औषधे, डॉक्टरांचे पत्र आणि विम्याचा कागद हातातल्या बॅगेतच ठेवावा. मोठ्या बॅगेत जादा साठ्याचा काही भाग टाकता येईल, पण निदान दोन-तीन आठवड्यांची औषधे जवळ असलीच पाहिजेत, कारण बॅग उशिरा येणे किंवा हरवणे ही अगदी सामान्य बाब आहे. इन्शुलिन मालाच्या कक्षात कधीही देऊ नये. तेथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी निकामीच असते. सुरक्षा तपासणीत द्रव पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली तरी आवश्यक औषधांना त्यातून सवलत आहे. फक्त ती वेगळी काढून अधिकाऱ्याला आधी सांगावी. नेब्युलायझर, झोपेतल्या श्वसनाचे यंत्र किंवा चार्जरवर चालणारे रक्तदाबाचे यंत्र नेत असाल, तर त्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिले आहे का ते पाहावे, कारण अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा असतो.

तिकीट काढतानाच कडेची, येण्याजाण्याच्या वाटेलगतची जागा, व्हीलचेअर आणि मधुमेहींचे किंवा जैन जेवण यांची नोंद करावी, निदान उड्डाणाच्या ४८ तास आधी तरी. व्हीलचेअर घ्यायला संकोच वाटू नये. मोठ्या विमानतळांवर गेटपर्यंतचे अंतर आणि इमिग्रेशनची रांग गुडघेदुखीच्या माणसाची परीक्षा पाहते.

विमानात वारंवार स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणेच टाळतात. ही सवय इथे धोक्याची ठरते. आतली हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच राहते. शरीरातले पाणी घटते, त्यात तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळण्याची शक्यता वाढते. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका सुरू होतो, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. म्हणून थोडे-थोडे पाणी पीत राहावे, मद्य टाळावे, दर दीड-दोन तासांनी उठून दोन फेऱ्या माराव्यात आणि बसल्या जागी टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत. पूर्वी अशी गाठ झालेली असेल, कर्करोगाचा उपचार चालू असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर गुडघ्याखालील दाबाचे मोजे किंवा औषध याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोणी सांगितले म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन घेऊ नये. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांनी त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आधीच विचारून ठेवावे, परस्पर बंद करू नये.

मधुमेहींनी जेवणाआधीचे इन्शुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. जेवणाची गाडी मागच्या रांगेत दिसते आहे म्हणून सुई घेतली आणि हवामानामुळे वाटप थांबले, की साखर उतरू लागते. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर आणि बॅगेत राजगिऱ्याची चिक्की असावी.

सहावी पायरी: गोळ्यांचे घड्याळ

न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, कॅलिफोर्नियाचे त्याहून तीन तास अधिक. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना तो आखूड होतो. दिवसातून एकदाच घ्यायच्या रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळीला काही तासांच्या फरकाने सहसा बाध येत नाही, आणि ती पोचल्यावर तिथल्या सकाळी घेऊ लागले तरी चालते. मात्र चुकली असे वाटून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. इन्शुलिन, फिट्सची औषधे आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचे तसे नाही. त्यांचे प्रवासाच्या दोन दिवसांचे तासवार वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. मोबाइल उतरताच स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि सगळा हिशेब चुकतो, म्हणून मनगटावरचे घड्याळ पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीपुढे त्या कागदावर खूण करावी.

इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात साखरेचे आकडे निराळ्या एककात सांगतात. तेथील आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. तिथल्या डॉक्टरांनी साखर १० सांगितली तर ती आपली १८० असते.

सातवी पायरी: पोचल्यावरचा पहिला आठवडा

पहिले तीन-चार दिवस झोप मोडलेली राहील. दिवसा उजेडात बाहेर फिरावे आणि दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत आवरावी. रात्री अंधारात अनोळखी घरात उठताना पडण्याचे प्रकार होतात, विशेषतः गालिचाच्या जिन्यावरून, तेव्हा स्वच्छतागृहापर्यंत रात्रीचा दिवा लावून घ्यावा. हिवाळ्यात बर्फ पडून गोठलेल्या रस्त्यावर खोबणीच्या तळव्याचे बूट घालूनच बाहेर पडावे.

पोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांसोबत बसून आपली फाइल त्यांना दाखवावी. वडिलांना कोणत्या गोळीने पुरळ येते, आईची कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली, हे अनेक मुलांना ठाऊक नसते, आणि ॲम्ब्युलन्समध्ये हेच विचारले जाते. विमा कंपनीशी जोडलेले जवळचे अर्जंट केअर, म्हणजे वेळ न ठरवता किरकोळ दुखण्यांसाठी जाता येणारा दवाखाना, कुठे आहे ते तेव्हाच शोधून ठेवावे. ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी अर्जंट केअर पुरेसे आणि स्वस्त असते. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, श्वास कोंडणे अशा वेळी मात्र खर्चाचा विचार न करता ९११ या क्रमांकावर फोन करावा. १९८६ च्या कायद्यानुसार तेथील आपत्कालीन विभागाला पैशांची चौकशी न करता रुग्णाला तपासावे आणि स्थिर करावे लागते. बिल नंतर येते, पण दारातून परत पाठवले जात नाही. हा क्रमांक कॅनडातही चालतो. इंग्लंडमध्ये ९९९, युरोपात ११२ आणि ऑस्ट्रेलियात ००० आहे. दिवसा मुले कामावर गेल्यावर घरात आपण दोघेच असतो, म्हणून क्रमांकाखाली घराचा पूर्ण पत्ता इंग्रजीत आणि खाली त्याचा उच्चार देवनागरीत लिहून तो कागद फ्रिजवर लावावा.

उपचार घ्यावे लागलेच तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर, बहुतेक पॉलिसींत सांगितलेल्या मुदतीत, कळवावे. रुग्णालयाचे तपशीलवार बिल, डॉक्टरांच्या नोंदी, औषधांच्या पावत्या, बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांच्या प्रती दाव्यासोबत लागतात. त्या मूळ स्वरूपात सांभाळाव्यात आणि परतीच्या प्रवासात हातातल्या बॅगेत, औषधांच्या फाइलमध्येच ठेवाव्यात.